समुद्रात जाण्यास योग्य

पुस्तक हातात आलं की साहेब ते आधी उलटं धरून झटकायचे. पोस्टाची चिठ्ठी, मेलेली कसर, काय असेल ते खाली पडू दे. मग कणा अंगठ्याने दाबून बघायचे, खळ धरली आहे की नाही. मग पानं मोजायचे, छापलेल्या आकड्यांवर भरवसा न ठेवता, एकेक. शेवटी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने पुठ्ठ्यावर दोन-तीनदा टकटक करून कान द्यायचे. पुस्तकातून त्यांना काय ऐकू यायचं हे मी कधी विचारलं नाही. हा सगळा सोपस्कार माझ्या सायबर कॅफेत, तीन नंबरच्या खुर्चीवर, इतर गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना चालायचा. वाचन त्यानंतर, घरी.

नोकरीत असताना ते होड्या तपासायचे. बंदर खात्यात होते. आमच्या किनाऱ्यावर नवी होडी पाण्यात घालायची किंवा जुनीचा दाखला पुढे चालू करायचा तर त्यांची तपासणी लागायची. छोटी हातोडी घेऊन ते होडीच्या पोटाखाली शिरत, फळीन् फळी वाजवून बघत, आणि जिथे आवाज बद्द येई तिथे खडूने फुली मारत. फुली म्हणजे फुली. तिथे ओळख चालत नसे, चहा चालत नसे, सुरमई तर नाहीच नाही. बाहेर आले की तीनांतला एक शेरा लिहीत: 'समुद्रात जाण्यास योग्य', 'दुरुस्तीनंतर योग्य' किंवा 'किनाऱ्यावरच ठेवावी'. तिसरा शेरा मिळालेल्यांनी त्यांना दिलेले शाप मी लहानपणापासून ऐकत आले होते. ते निवृत्त झाले तेव्हा पुष्कळांना हायसं वाटलं. नाव मात्र साहेबच राहिलं.

कॅफे म्हणजे माझ्या वडिलांच्या सोड्याच्या दुकानाचा अर्धा भाग. मी कुडाळला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. कोर्स केलेल्या मुलीला गावात काय काम, म्हणून दोन हजार चारच्या सुमारास बाबांनी मध्ये प्लायवूड ठोकलं आणि पलीकडे दोन कॉम्प्युटर मांडले. पुढे त्याचे चार झाले. निम्मा दिवस लोडशेडिंग. उरलेल्या निम्म्यात दहावी-बारावीचे निकाल, जहाजावर गेलेल्या मुलग्यांच्या मेल, आणि साहेब.

ते यायचे भरतीवर. म्हणजे 'उद्या दहाला येतो' असं कधी सांगायचे नाहीत, 'भरती लागली की येतलंय' म्हणायचे. भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. त्यामुळे आज सकाळी आलेला माणूस आठवड्याने दुपारी टळटळीत उन्हात उगवायचा आणि नेमका लोडशेडिंगमध्ये सापडायचा. वीज कंपनीने वेळापत्रक भरतीला धरून करायला हवं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. मी शेवटी भरती-ओहोटीचा तक्ता आणून भिंतीला लावला. वेंगुर्ल्याचे एक पाहुणे तो बघून म्हणाले, इंटरनेट आता भरतीवर चालतं की काय. मी म्हटलं, एका गिऱ्हाइकापुरतं चालतं.

पहिल्यांदा ते आले ते तक्रार करायला. चपला बाहेर काढून आत आले. काखेत एक गुळगुळीत पुस्तक होतं. पुण्याच्या कुणा गृहस्थांनी आमच्या किनाऱ्याची सहल करून ते स्वखर्चाने काढलं होतं. त्यात एका जागेबद्दल लिहिलं होतं, की इथलं पाणी शांत आणि निर्धोक आहे, होडी कुठूनही न्यावी. त्या जागी पाण्याखाली खडप आहे, म्हणजे दगडांची रांग, आणि माझ्या आठवणीतच तिथे दोन होड्या फुटल्या होत्या.

"ह्याची तक्रार खंय करूची?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, प्रकाशकाकडे. त्यांनी पान उघडून दाखवलं. प्रकाशक म्हणून लेखकाच्या बायकोचं नाव होतं आणि पुस्तक मिळण्याचं ठिकाण म्हणून लेखकाचं घर. साहेबांना हे फारच विचित्र वाटलं. होडी बांधणारा, तपासणारा आणि विकणारा एकच असेल तर बुडणाऱ्याने जायचं कुणाकडे, असं त्यांचं म्हणणं.

अशा पुस्तकांचा बाजार कुठे भरतो ते मला माहीत होतं. परदेशातली काही मराठी माणसं एक वेबसाइट चालवत. तिच्यात पुस्तकांचा एक विभाग होता. ज्यांना कुणी छापत नाही, किंवा ज्यांना कुणाची पायरी चढायची नाही, अशी माणसं आपली पुस्तकं आपणच छापून तिथे जाहिरात टाकत आणि खाली वाचक अभिप्राय लिहीत. वाचक सगळे टोपणनावाने. अभिप्राय दोनच जातींचे: एक 'अप्रतिम, डोळ्यांत पाणी आलं' आणि दुसरा 'कागद फुकट घालवला'. कोण कुणाचा मेहुणा आणि कोण कुणाचा वैरी, काही कळायचं नाही. शिमग्याच्या सोंगात निदान पायांवरून माणूस ओळखता येतो. इथे पायही दिसत नव्हते.

साहेबांनी कीबोर्डला हात लावला नाही, पुढेही कधी लावला नाही. हात पाठीमागे बांधून ते उभे राहिले आणि कचेरीतल्या टंकलेखकाला सांगावं तसं मला सांगू लागले. एरवी बोलणं सगळं मालवणी. पण 'लिही' म्हटलं की पाठ ताठ व्हायची आणि भाषा सरकारी. "विषय," ते म्हणाले. मी वळून पाहिलं. "लिही. विषय: पृष्ठ एकेचाळीसवरील जीवघेण्या विधानाबाबत. संदर्भ: आपले पुस्तक. महोदय." तिथून पुढे दोष क्रमांक एक ते एकोणीस. शेवटी 'आपला विश्वासू', खाली पूर्ण नाव, हुद्दा, कंसात निवृत्त, आणि गाव. सवयीने त्यांनी सगळ्याच्या खाली शेराही सांगितला: किनाऱ्यावरच ठेवावी.

त्या वेबसाइटवर खऱ्या नावागावाने लिहिणारा बहुधा तो पहिलाच माणूस. लोक आधी हसले. पुण्याच्या गृहस्थांनी 'कोण हा बंदरावरचा कारकून' असं विचारलं. साहेबांनी उलटटपाली कळवलं की कारकून नव्हे, तपासनीस. महिनाभराने त्या गृहस्थांनी उरलेल्या सगळ्या प्रतींत पान एकेचाळीसवर दुरुस्तीची पट्टी चिकटवल्याचं मुकाट्याने जाहीर केलं, आणि मग लोकांचं हसणं थांबलं. साहेबांच्या घरी पार्सलं येऊ लागली. देवगडच्या आंबेवाल्यांचं आत्मचरित्र आलं, नागपूरहून कादंबऱ्या आल्या, बंगळूरच्या एका इंजिनिअरचं मृत्यूवरचं चिंतन आलं. प्रत्येक पुस्तकाला साहेबांचा प्रश्न एकच: पाणी खंयसून शिरता? ती फळी सापडली की त्यांचा चेहरा शांत व्हायचा. वाचलेलं पुस्तक ते लेखकाला परत पाठवायचे, पेन्सिलीच्या फुल्यांसकट. तपासायला आलेली होडी कुणी घरी ठेवून घेतं काय, असं म्हणायचे. कवितासंग्रह मात्र न उघडता परत जायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "ती होडी न्हय, लाट. लाटेक दाखलो कोण देतलो?"

टोपणनावांचा त्यांना त्रास व्हायचा. उत्तर द्यायचं तर संबोधन हवं, आणि समोरचा बाई की बुवा हेच ठाऊक नाही. मग 'श्री./श्रीमती ओला काजू यांस सविनय सादर' अशी पत्रं माझ्या हातून गेली आहेत. कुणी त्यांना म्हातारा कावळा म्हटलं. त्यावर त्यांनी दोन ओळी लिहिल्या: वयाबाबतचे विधान बरोबर आहे, उर्वरित विधान पुस्तकाशी संबंधित नसल्याने निकाली काढण्यात येत आहे.

वालावलचे एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी आपल्या गावावर, देवळावर आणि खाडीवर दीडशे पानं लिहून स्वतः छापली होती. साहेबांनी 'दुरुस्तीनंतर योग्य' दिलं. ते एसटी बदलत बदलत आमच्या गावात आले आणि दुकानाच्या दारातून ओरडले, की कोण तो माझ्या गावाची दुरुस्ती करणारा. साहेबांनी त्यांना शेजारच्या खुर्चीवर बसवलं, पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. अर्ध्या तासाने पाहुण्यांनी स्वतःचं पेन काढलं. दोन तासांनी त्यांची परतीची गाडी गेली. बाबांनी सोडा दिला तेव्हा ते बाबांना हळूच म्हणाले, माझ्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडलेला हा पहिला माणूस. घरचीदेखील विसाव्या पानाच्या पुढे गेली नाही. साहेबांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते पान एकशे बारावरची तारीख पडताळत होते.

साहेबांचा दबदबा खरा झाला तो मात्र बारा अभिप्रायांमुळे. एका कादंबरीला दोन दिवसांत बारा अभिप्राय आले, बाराही गोड. शेवट काय जबरदस्त आहे, असं बाराही जणांनी लिहिलं. ती कादंबरी साहेबांकडे आली होती आणि त्यांनी नेहमीप्रमाणे पानं मोजली होती. बांधणीत घोटाळा झाला होता. शेवटून दुसरा फर्मा, म्हणजे सोळा पानांचा गठ्ठा, दोनदा बांधला गेला होता आणि शेवटची सोळा पानं पुस्तकात नव्हतीच. सगळ्या आवृत्तीत नव्हती. लेखकाने स्वतःचं पुस्तक छापून आल्यावर उघडूनच पाहिलं नव्हतं. साहेबांनी बाराही जणांना एकाच ओळीचं पत्र लिहायला लावलं: शेवट आपण कुठे वाचलात, ते कळवावे. एकाचंही उत्तर आलं नाही. मागाहून निघालं ते असं, की बारांतले नऊ अभिप्राय लेखकाचे आणि तीन त्याच्या साडूचे.

त्यानंतर वेबसाइटच्या व्यवस्थापकांनी साहेबांच्याच सूचनेवरून नियम केला. प्रत्येक इंटरनेट जोडणीला एक क्रमांक असतो, तो व्यवस्थापकांना दिसतो. एकाच क्रमांकावरून अनेक नावांनी कुणी आपल्याच पुस्तकाची भलामण केली तर त्याचं सदस्यत्व रद्द आणि त्याचं आजवरचं सगळं लेखन काढून टाकायचं. नियम कडक हवा, पळवाट नको, असं साहेबांनी तीनदा कळवलं होतं. ती तिन्ही पत्रं मीच टाइप केली.

आता त्यांच्या स्वतःच्या पुस्तकाबद्दल. नोकरीत किनाऱ्याने फिरताना तीस वर्षं त्यांनी एक वही ठेवली होती, पाण्याखालच्या खडपांची. कुठलं खडप कुठे, मासेमार त्याला काय म्हणतात, ओहोटीला वर किती पाणी राहतं, आणि मुख्य म्हणजे खुणा. समुद्रात पाटी लावता येत नाही. देवळाचा कळस आणि टेकडीवरचा अमुक माड एका रेषेत आले की खाली खडप, असं बापाने मुलग्याला सांगायचं, हाच नकाशा. सांगणारे आता थकले होते आणि इंजिनाच्या होड्या घेऊन नवीन माणसं येत होती. म्हणून साहेबांनी ती वही पुस्तक करून कणकवलीला छापून घेतली, दोनशे प्रती. त्यांतल्या निम्म्या किनाऱ्यावरच्या घरांतून वाटल्या. मग एक दिवस भरतीला येऊन मला लिहायला सांगितलं: माझे पुस्तक तपासणीसाठी ठेवीत आहे. खुणांत चूक राहिल्यास होडी फुटेल, तरी सदस्यांनी कठोरपणे तपासावे. पाच-सहा जणांना त्यांनी प्रतीही पाठवल्या.

कुणी काही लिहिलं नाही. ज्यांच्या पुस्तकांवर फुल्या पडल्या होत्या ते गप्प बसले, आणि बाकीच्यांनी खडपाबद्दल लिहायचं तरी काय? एक महिना गेला, दुसरा गेला. साहेब प्रत्येक भरतीला यायचे आणि खुर्चीवर न बसता दारातूनच विचारायचे, इलां काय. मी म्हणायची, नाय. मला वाटायचं, म्हाताऱ्याला कौतुक हवंय. तसं मी एकदा बोलूनही दाखवलं, की लोक जळतात, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

तेव्हा ते आत आले आणि बसले. "दोनशे पानांत चूक नाय, असां होवचां नाय," ते म्हणाले. "ती आसा. माका गावणा नाय. होडी बांधणाऱ्याक आपली गळती दिसणा नाय. कोणीतरी काढूक होई ती. नायतर कोण तरी माझ्या पुस्तकान मरतलो."

ते मला समजलं, पण अर्धवट समजलं. त्यांना कुणीतरी वाचायला हवंय, एवढंच मी धरून ठेवलं. किनाऱ्यावरच्या शंभर घरांत पुस्तक पडलेलं होतं, तिथल्या माणसांना विचारावं हे ना त्यांना सुचलं ना मला. जन्मभर त्यांनी त्या माणसांच्या चुका काढल्या होत्या; उलट कधी झालं नव्हतं. आणि साहेबांच्या तोंडावर त्यांची चूक सांगायला किनाऱ्यावर कोण धजणार होतं?

आमच्याकडे रापण असते. मोठं जाळं होडीने अर्धगोल टाकून येतात आणि त्याची दोन्ही टोकं सगळी वाडी किनाऱ्यावरून ओढते. दोरीला हात लावला त्याला मासळीचा वाटा, मग तो उशिरा का आलेला असेना. एका सकाळी रापण ओढताना मी साहेबांची गोष्ट तिथे काढली. रापणीचा तांडेल, म्हणजे सगळ्यांचा म्होरक्या, दोरी न सोडता म्हणाला, "साहेबाची रापण साहेब एकटोच ओढता? मगे आमी कित्याक आसंव?"

त्याच दुपारी रापणीवरचे सतराजण माझ्या कॅफेत आले. पायांची वाळूही झाडली नव्हती. त्यांत तांडेल होता, मासे विकणाऱ्या चार बायका होत्या, आणि नव्वदीला टेकलेले आबा होते, ज्यांच्याइतका समुद्र कुणीच पाहिला नव्हता. मी एकेकाचं खरं नाव घालून त्याला सदस्य केलं. मग एकेकजण बोलला आणि मी टाइप केलं. पण ही माणसं बोलायला लागली की आधी साहेबांनी कुणाची होडी कशी अडवली तिथून सुरुवात करणार, मग सासऱ्याचं सांगणार, मग मुद्द्यावर येणार. सगळं कसं घेणार? कामाचं तेवढं मी घेतलं आणि चांगल्या मराठीत लिहिलं. सतरा अभिप्राय झाले. बाबांनी सगळ्यांना सोडा दिला. मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या दिवशी साहेबांच्या नावे व्यवस्थापकांचं पत्र आलं. एकाच जोडणीवरून, त्याच जोडणीवरून जिच्यावरून आपण स्वतः लिहिता, एका दुपारी सतरा नावांनी आपल्या पुस्तकाची स्तुती आली आहे. सतराही अभिप्रायांची भाषा एकाच हातची दिसते. नियम आपणच सुचवलेला आहे. दोन दिवसांत खुलासा करावा.

साहेब भरतीला आले. चष्मा स्क्रीनला टेकवून त्यांनी पत्र वाचलं, पुन्हा वाचलं.

"ह्यां कोणी केल्यान?"

मी सांगितलं. ते रागावले नाहीत, त्यामुळे जास्तच लाज वाटली. त्या वेबसाइटवर तोवर त्यांची दीडशेच्या वर पत्रं होती. निवृत्तीनंतरचं त्यांचं सगळं काम तेवढंच होतं. मी म्हटलं, आपण खरं कळवू. माणसं खरी आहेत, नावं खरी आहेत, सगळ्या किनाऱ्याला कॅफे एकच आहे; मी शपथेवर लिहून देते. त्यांनी विचारलं, की या सतरा जणांनी पुस्तक वाचलं आहे काय. मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

मग ते उठून उभे राहिले, हात मागे बांधले. "विषय: सतरा अभिप्रायांबाबत. महोदय, सदर अभिप्राय हे." तिथे थांबले. अभिप्राय काय आहेत ते आधी नीट कळायला हवं, म्हणून त्यांनी ते मला मोठ्याने वाचायला लावले. मी वाचत गेले. साहेबांचे पुस्तक मार्गदर्शक आहे. साहेबांचे कार्य अनमोल आहे. आबांच्या अभिप्रायाशी आले. 'पुस्तकातील सर्व खुणा अचूक आहेत', असं तिथे लिहिलं होतं. मी वाचायची थांबले.

आबा तसं बोललेच नव्हते. आबांना वाचता येत नाही. त्यांच्या सुनेने आठ दिवस, जाळं विणता विणता, ते पुस्तक त्यांना वाचून दाखवलं होतं, आणि आबांनी त्यातली एक खूण चुकली म्हणून सांगितलं होतं. स्तुतीच्या पत्रात हे कशाला, असं वाटून मी ते काढलं आणि त्या जागी हे वाक्य घातलं. हे सगळं मी साहेबांना सांगितलं.

"आबान काय सांगल्यान? जसांच्या तसां सांग."

मला ते शब्द आठवत होते. "तो माड पडान धा वर्सां झाली. आता थंय दुसरो माड आसा, पण तो दक्षिणेक. नवो माणूस तो धरून इलो तर नेमको खडपार जातलो."

साहेबांनी पाठीमागचे हात सोडले. मग वळले आणि बाहेर पडले. मी दारात जाऊन विचारलं, पत्राचं काय करू? ते तोवर आबांच्या घराच्या वाटेला लागले होते आणि त्या वयाचा माणूस चालतो त्यापेक्षा बरंच जलद चालत होते.

दोन दिवस ते समुद्रावर होते. तांडेलाने होडी काढली, आबांना दोघांनी उचलून आत बसवलं, आणि पुस्तकातली एकेक खूण धरून ते सगळा किनारा फिरले. साहेब निवृत्त झाल्यापासून होडीत बसले नव्हते. इकडे माझ्या स्क्रीनवर 'महोदय, सदर अभिप्राय हे' एवढंच होतं. पुढचं मी लिहू शकले असते. त्यांची भाषा माझ्या बोटांत बसली होती. 'आपला विश्वासू'पर्यंत न अडखळता गेले असते आणि कुणाला फरक कळला नसता. पण दुसऱ्याच्या नावाने लिहून मी नुकतंच काय करून ठेवलं होतं ते समोर दिसत होतं. मी काही पाठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वेबसाइटवरचं साहेबांचं पान उघडेना. मग पुण्याच्या पुस्तकावरचं पत्र उघडून पाहिलं, वालावलचं पाहिलं. सगळीकडे एकच ओळ, हे लेखन काढून टाकण्यात आलं आहे. मी दुकान बाबांवर टाकून किनाऱ्यावर गेले. रडू आवरत नव्हतं.

होडी लागत होती. साहेब कमरेपर्यंत भिजलेले उतरले आणि मला बघून पाण्यातूनच बोलू लागले. आबांचं खरं होतं. शिवाय आणखी दोन खुणा चुकलेल्या सापडल्या. एका ठिकाणी तर जुन्या झाडाच्या जागी आता मोबाइलचा टॉवर उभा आहे आणि नवीन पोरं तोच धरून येतात. एवढं घडाघडा बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ते फार खुशीत होते.

"साहेब," मी म्हटलं, "सगळी पत्रां गेली."

"सगळी?"

"सगळी. माझी चूक."

ते पाण्याकडे बघत उभे राहिले. तांडेल आबांना उतरवून घेऊन गेला. मला वाटलं, ते म्हणतील असू दे.

"होय, तुझीच," ते म्हणाले. मग होडीच्या काठावर टेकले आणि खिशातून ओलसर झालेली वही काढली. "आबाचां एक झालां. उरले सोळा. ते काय काय बोललले तां सांग. एकय गाळू नको."

मी वाळूत बसले आणि आठवू लागले. तांडेल म्हणाला होता, की नकाशात उत्तर दिशा डावीकडे का काढली. एकजण म्हणाला होता, की अक्षर इतकं बारीक की होडीत बसून वाचता येत नाही. आठवत गेले तसं माझ्या ध्यानात आलं, की प्रत्येकाने काही ना काही दोष काढला होता. नुसती स्तुती एकानेही केली नव्हती. ती सगळी मी केली होती. नऊ जणांचं मला आठवलं. साहेब लिहून घेत होते आणि मान डोलावत होते. उरलेल्या सातांचं काही केल्या आठवेना, तेव्हा ते उठले आणि मला घेऊन वाडीत शिरले.

पहिलं घर मासे विकणाऱ्या एका काकीचं होतं. साहेबांना ओल्या कपड्यांनी दारात बघून ती घाबरली. आम्ही कशासाठी आलो ते मी सांगितलं, तशी तिने मला हाताला धरून आत ओढलं.

"तेंच्या तोंडार कसां सांगू गो? वायट वाटतला तेंका."

मी दारातून बाहेर पाहिलं. साहेब पायरीवर बसून वहीचं कोरं पान काढत होते.

"सांग," मी म्हटलं. "दोन म्हयने ते तेच्याचसाठी माझ्या दारात येय होते."

काकी बाहेर येऊन त्यांच्यासमोर बसली आणि डोक्यावरचा पदर सारखा करत बोलू लागली. आधी तिने साहेबांनी तिच्या नवऱ्याची होडी कशी अडवली होती ते सांगितलं, मग सासऱ्याचं सांगितलं. मीही तिच्या शेजारी बसले. मध्ये एक शब्द बोलले नाही.